ताठबाबांची तिरकी फ्रेम

मंचावर होतं ते असं : गोल गालिचा एक, गोल तिवई एक, तिवईवर पाण्यानं अर्धं भरलेलं काचेचं भांडं एक, मागे राखाडी पडदा एक, त्याच्या वर टांगलेला मोठा स्क्रीन एक, कॅमेरा एक आणि ताठबाबा एक. समोर खुर्च्या तीनशे, आणि माणसं त्याहून बरीच जास्त. सरळ रेघ मात्र, स्क्रीनच्या चार कडा सोडल्या तर, मंचावर एकही नव्हती. खांबांना कापड गुंडाळलेलं, मंचाची कड झालरीनं झाकलेली, पडद्याला एक चुणी नाही.

माझी नोकरी वजनकाटे तपासण्याची. दुकानातला काटा खरं बोलतो की खोटं, ते पाहायचं. त्यामुळे कुठेही गेलं तरी आधी मोजायचं आणि मग विश्वास ठेवायचा, ही खोड लागली आहे.

"कोन म्हणजे अहंकार!" ताठबाबा माईकवर सांगत होते. "गोल म्हणजे शरण! इथे कोन ठेवलेला नाही. तुमच्या मनातलाही काढून टाका!"

लोकांनी तो काढून टाकला असावा. टाळ्या तशाच होत्या.

एक निवृत्त टॅक्सीवाला वर गेला. डावा खांदा उतरलेला. बाबांनी त्याला स्वतःसमोर उभं केलं. त्याची पाठ आमच्याकडे, बाबांचं तोंड आमच्याकडे. मंचावर अंधूक उजेड, त्यामुळे तीनशे खुर्च्यांनी माना वर केल्या आणि स्क्रीनकडे पाहिलं. स्क्रीनवर आधी कोपऱ्यात काचेचं भांडं चमकलं, मग मानेपासून पाठीच्या मध्यापर्यंतचा टॅक्सीवाला दिसला. खांदा चांगलाच खाली.

"काका, तुमचा मणका वाकलेला नाही. तुमचा विश्वास वाकलाय!"

संगीत चढू लागलं. कॅमेरावाला कॅमेरा हातात धरून पाण्यात पोहल्यासारखा अर्धगोल फिरला. आणि स्क्रीनवर खांदा वर आला. हळूहळू, कोणी खालून उचलावा तसा. दोन्ही खांदे एका रेषेत. हॉलमधून एकच हुंकार उठला.

मावशीनं माझं मनगट आवळलं. "पाहिलंस? पाहिलंस ना?"

"पाहिलं. पण तू मंचावर पाहिलंस की स्क्रीनवर?"

"गप्प बस गं. दिसलं ते दिसलं."

टॅक्सीवाला खाली उतरून आमच्याच रांगेजवळून गेला. डावा खांदा होता तिथेच होता.

"कसं वाटतंय काका?" मी विचारलं.

"हलकं! एकदम हलकं!"

"आणि खांदा?"

"आता मला माझी पाठ दिसते का? सरळ झाला म्हणतात सगळे."

मावशीच्या पलीकडे भिंगरी बसली होती, ताठ. तिला दुसरा इलाजच नव्हता. भिंगरी म्हणजे माझी मावसबहीण. लहानपणी एका जागी टिकायची नाही म्हणून हे नाव पडलं. आता शाळेत तिला "रोबो" म्हणतात, कारण शर्टाच्या आत काखेपासून कमरेपर्यंत प्लॅस्टिकचा कडक पट्टा असतो. तिचा मणका एका बाजूला वळतो आहे. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं : "पट्ट्यानं पाठ सरळ होणार नाही. पण तिची उंची वाढायची थांबेपर्यंत हा बाक वाढू द्यायचा नाही. सत्तावीस अंशांचे सत्तावीसच राहिले की आपण जिंकलो. पट्टा सोडला आणि बाक वाढत गेला, तर शस्त्रक्रिया करावी लागेल."

ताठबाबा पैसे घेत नाहीत. ते व्हिडिओ घेतात आणि एक अट घालतात : औषध, काठी, पट्टा, जे काही असेल ते मंचावर ठेवून जायचं. "तुम्हीच आधार धरून ठेवला, तर मी कशाला धरू?"

पुढच्या सत्रात भिंगरीचं नाव लागलं होतं.

घरी मी मावशीला समजवायला गेले. ती औषधांच्या दुकानात काउंटरवर असते. कोणती गोळी जेवणाआधी आणि कोणती नंतर, हे झोपेतही सांगेल.

"तू स्वतः गिऱ्हाइकांना सांगतेस ना, औषध मधेच सोडू नका म्हणून?"

"सांगते. आणि रोज सकाळी हिच्या पाठीत गुडघा टेकवून पट्टे आवळते ती कोण? तू? ही ओरडते ते कोणाला ऐकू येतं? सरळ होणार नाही म्हणतो तुझा डॉक्टर. मग मी हिला कशासाठी छळते, सांग!"

मी तिचा फोन मागून घेतला. टॅक्सीवाल्याचा व्हिडिओ तिला आलेलाच होता. पहिल्या दृश्यावर थांबवला, शेवटच्या दृश्यावर थांबवला, परत पहिल्यावर गेले. पाठीकडे पाहून काही कळेना. मागे नुसता राखाडी पडदा. वर कुठलं आणि खाली कुठलं हे सांगणारी एक वस्तू नाही.

एक होती. काचेचं भांडं. सुरुवातीला डाव्या कोपऱ्यात, शेवटी उजव्या.

भांडं वाकडं ठेवा, तिवई वाकडी ठेवा, पाणी आपली पातळी सोडत नाही. या व्हिडिओत सोडली होती. सुरुवातीला पाणी डावीकडे उतरलेलं, शेवटी उजवीकडे. भिंगरीच्या कंपासपेटीतला कोनमापक मी फोनच्या काचेवर ठेवला. टॅक्सीवाल्याचा खांदा अकरा अंश फिरून वर आला होता. पाणीही अकरा अंश फिरलं होतं, त्याच बाजूला.

"मावशी, खांदा हललाच नाही. कॅमेरा तिरका धरलाय. आधी खांदा जास्त पडलेला दिसावा म्हणून एका बाजूला, मग सरळ दिसावा म्हणून दुसऱ्या बाजूला. बघ, पाणी बघ!"

मावशीनं चष्मा लावून पाणी पाहिलं. तिचा चेहरा उजळला.

"अगंबाई! म्हणजे बाबांच्या शक्तीनं पाणीसुद्धा हललं?"

मी कोनमापक पेटीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी हॉलवर गेले. कॅमेरावाला एकटाच सराव करत होता. समोर खुर्चीच्या पाठीला शर्ट अडकवलेला, आणि हा त्या शर्टाभोवती अर्धगोल फिरत होता. पूर्वी तो लग्नाची शूटिंग करायचा. मी त्याच्या कामाची तारीफ केली. ती खोटी नव्हती. हात खरोखरच लोण्यासारखा फिरत होता.

"ते भांडं पुढे ठेवायची कल्पना बाबांची?"

"छे हो! बाबांना काय कळतंय त्यातलं? नुसती पाठ आणि पडदा म्हणजे पासपोर्टचा फोटो झाला. पुढे काहीतरी चमकणारं, धूसर असलं, की डोळ्याला खोली मिळते. मीच हट्ट धरला. फ्रेम भरली पाहिजे ना!"

"आणि कंबर का नाही घेत फ्रेममध्ये?"

त्याचा हात थांबला. "जवळून घेतलं की भाव येतो."

"पाठीवर?"

तो हसला नाही. खांदे एका पातळीत दिसावेत म्हणून कॅमेरा कलला, की कंबर तितकीच तिरकी दिसणार. हे त्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

"कॅमेरा स्टँडवर नाही लावत?"

"स्टँड बाबांना चालत नाही." त्यानं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "तुम्ही कुठल्या चॅनेलच्या?"

"मी वजनकाटे तपासते."

"मग काटेच तपासा ना, ताई."

बाहेर पडताना मागे वळून पाहिलं, तर तो तिवईपाशी उभा राहून भांड्याकडे बघत होता. पुढच्या सत्रात तिवईवर भांडं असणार नाही, हे मला तेव्हाच कळलं. म्हणजे माझा एकमेव साक्षीदार गेला.

संध्याकाळी मी भिंगरीला पाठमोरी उभी केली आणि माझ्या फोनवर तसंच चित्रण केलं. चौकट जवळची, मागे कोरी भिंत, आणि फिरता फिरता मनगट हळूच वळवायचं. दोनतीनदा चुकलं, मग जमलं. भिंगरीनं ते पाहिलं.

"ताई, ही मी आहे?"

"हो."

"परत दाखव."

परत दाखवलं. तिसऱ्यांदा तिनं माझ्या हातातून फोनच घेतला.

"म्हणजे मी सरळ झालेच नाही. तू वाकडी झालीस."

तिनं फोन मांडीवर उलटा ठेवला. पट्टा सुटणार नाही, हे तिला कळलं होतं, आणि ते तिला माझ्यामुळे कळलं होतं. मी तिच्या शेजारी बसले.

"आईला सांगू आपण," मी म्हणाले.

"सांगून नाही पटणार. तिला स्क्रीनवरचंच पटतं." मग एकदम : "डॉक्टर लावतात तसा दोरा लावला तर?"

डॉक्टर तिच्या मानेच्या हाडापासून वजन बांधलेला दोरा पाठीवर सोडतात आणि मणका दोऱ्यापासून किती सरकला ते पट्टीनं मोजतात. भिंत बांधणारा गवंडी सोडतो तोच ओळंबा. भांडं उचलून नेता येतं. भिंगरीच्या पाठीवरचा दोरा कोण उचलणार?

सत्राच्या दिवशी हॉल आणखी भरला होता. तिवई होती, भांडं नव्हतं. पांढऱ्या शर्टातली भिंगरी वर गेली. मावशी बाजूला उभी राहिली, सोडलेला पट्टा दोन्ही हातांत, तान्ह्या मुलाला धरावं तसा. बाबांनी भिंगरीला समोर घेतलं.

"बाळ, प्लॅस्टिकनं झाड सरळ वाढतं का?"

"झाडाला काठी बांधतात ना?" भिंगरी म्हणाली. पुढच्या रांगेत कोणीतरी फसकन हसलं.

"डोळे मीट!" बाबा घाईनं म्हणाले.

संगीत चढलं. कॅमेरावाला जवळ आला, त्याची नजर खांद्यांच्या रेषेवर. आणि भिंगरीनं गळ्यातला काळा दोरा कॉलरवरून मागे टाकला. त्याच्या टोकाला घराची किल्ली. किल्ली पाठीवर एकदोनदा डोलली आणि थांबली.

स्क्रीनवर खांदा उचलला जाऊ लागला. दोराही निघाला. डावीकडून मधे आला, मधून उजवीकडे गेला. शेवटी दोन्ही खांदे अगदी एका रेषेत आले, आणि काळी किल्ली पांढऱ्या शर्टावर हवेतच तिरकी लटकून राहिली. पडत नव्हती, हलत नव्हती.

या वेळी हुंकार उठला नाही. बाबांची स्क्रीनकडे पाठ. त्यांना काही दिसेना.

"ती किल्ली तिरकी का लोंबतेय?" मागून एका बाईंनी विचारलं.

"किल्ली? कसली किल्ली?"

"आमच्या घराची," भिंगरी म्हणाली.

बाबांनी वळून स्क्रीन पाहिला. क्षणभरच गडबडले. "लोखंड आहे ते! लोखंड ऊर्जा ओढून घेतं!"

"मग आधी डावीकडे आणि आता उजवीकडे कसं ओढतं?" त्याच बाई. "ऊर्जा काय पंखा आहे का, फिरायला?"

हशा पिकला. बाबा दात आवळून कॅमेरावाल्याला म्हणाले, "अरे, सरळ कर ना ते!" माईक चालूच होता. सगळ्या हॉलनं ऐकलं.

कॅमेरावाल्यानं मनगट वळवलं. दोरा सरळ झाला आणि खांदा धाडकन खाली आला.

"खांदा! खांदा!" बाबा.

खांदा वर आला, दोरा तिरका. दोरा सरळ, पाठ वाकडी. पाठ सरळ, दोरा वाकडा. लोक आता डोळे पुसत होते. शेवटी कॅमेरावाल्यानं कॅमेरा खाली केला, आणि मोठ्या स्क्रीनवर नुसता गोल गालिचा उरला.

मावशी हसत नव्हती. स्क्रीनवर बघण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून असेल, तिनं शेजारी उभ्या असलेल्या मुलीकडे पाहिलं. तिच्या पाठीवरून तळवा फिरवला, वरून खाली, जिथे बरगड्या एका बाजूला उचलल्या आहेत तिथे थांबवला. मग पट्टा उघडला.

"आई, इथे नको. सगळे बघतायत."

"बघू देत की. आतापर्यंत स्क्रीनच बघत होते. श्वास घे."

तिनं शर्टावरूनच पट्टे आवळले. गुडघा टेकवून, रोजच्यासारखे.

ताठबाबांची सत्रं बंद झालेली नाहीत. दुसऱ्या हॉलमध्ये चालतात, आणि रुग्णाच्या गळ्यात काही असलं तर आधी काढून घेतात, असं ऐकते. म्हणून हे लिहिते आहे. दृश्य आपोआप दिसत नाही. चौकट कोणीतरी धरलेली असते, आणि तिच्या आत काय येईल आणि बाहेर काय राहील हे त्यानंच ठरवलेलं असतं. त्यात पाप नाही. लग्नाच्या व्हिडिओतही तेच करतात. पण त्या चौकटीच्या भरवशावर कोणी तुमचं औषध सोडायला सांगत असेल, तर आधी तिच्यात पाण्याची पातळी शोधा, लोंबणारी एखादी वस्तू शोधा. ती सापडू नये अशी व्यवस्था केलेली दिसली, तर का केली ते विचारा. आणि माणूस तिथेच उभा असेल, तर स्क्रीन सोडून माणसाकडे बघा. याला पदवी लागत नाही.

भिंगरीची पुढची तपासणी झाली. मावशी बरोबर गेली होती, मीही गेले होते. उंची चार सेंटिमीटरनं वाढली आहे. डॉक्टरांनी नवा एक्स-रे दिव्यावर लावला, जुना शेजारी लावला, दोन्हींवर पेन्सिलीनं रेघा ओढल्या आणि कोन मोजला.

मागच्या वेळी सत्तावीस अंश. या वेळी सत्तावीस अंश.