चौदाव्या मिनिटाचा उंचवटा

प्राध्यापक सुधीर ढमाले यांना आपण शिक्षणातले संशोधक आहोत असं अलीकडे वाटू लागलं होतं. निमित्त होतं पाच दिवसांची एक ऑनलाइन कार्यशाळा. ती संपली आणि सुधीरने पौडच्या पुढच्या आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजात जाहीर केलं, की द्रवयांत्रिकी आता व्हिडिओवर शिकायची. पोरांनी धडा घरी बघून यायचा, वर्गात फक्त चर्चा.

भूगावच्या फ्लॅटशेजारी दिवसभर बांधकामाची खडखड चाले. म्हणून सुधीर रविवारी गावी, मालेला, आईकडे जाऊन रेकॉर्डिंग करी. वर टाय, खाली लेंगा. रेकॉर्ड झालेलं मात्र तो कधी बघत नसे. स्वतःचा चेहरा आणि आवाज त्याला सोसवत नसे. पोरांनी ते सोसावं, अशी अपेक्षा मात्र होती.

महिन्याभराने त्याने आकडेवारी उघडली. बर्नुलीच्या सिद्धांतावरच्या व्हिडिओत चौदाव्या मिनिटाला आलेखाने उंच उडी मारली होती. पोरं तेवढाच भाग पुन्हा पुन्हा बघत होती. नळी अरुंद झाली की दाब कमी का होतो, ते तो तिथेच समजावत होता. म्हणजे पोरं तिथे अडतात, झगडतात, शिकतात! सुधीरची छाती फुगली. त्याने या उंचवट्याला ‘आकलनाचा चढ’ असं नाव दिलं, बारा स्लाइड केल्या आणि कॉलेजच्या परिसंवादात उभा राहिला.

पाच स्लाइड झाल्यावर प्राचार्या आशालताबाई म्हणाल्या, “सुंदर! तो भाग दाखवा ना आम्हाला.”

सुधीरने ऐटीत बटण दाबलं. पडद्यावरचा सुधीर सांगत होता, “इथे वेग वाढतो, म्हणून दाब—”

तेवढ्यात मागून त्याच्या आईचा, गोजराबाईंचा आवाज आला. “सुध्या! आरं म्हस सुटली! कुटं बसलायस त्वांड रंगवून? पळ!”

“आलो आई!” म्हणत पडद्यावरचा सुधीर उठला. टायखालचा लेंगा सगळ्या सभागृहाने पाहिला. मग नुसती खुर्ची. लांबून, “तिकडं न्हाई, हिकडं वळीव!” शेवटी धापा टाकत परतलेला सुधीर म्हणाला, “तर, आपण दाबाविषयी बोलत होतो.”

एवढा तुकडा कापायचा तो साफ विसरला होता. सभागृह हसून लोळलं. सुधीरचे कान तापले. पुढच्या सात स्लाइड दाखवाव्यात की खिडकीतून उडी मारावी, हे त्याला कळेना. शेवटी तोही हसला. दुसरं काही करण्यासारखं उरलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्याने वर्गात विचारलं, “खरं सांगा, बाकीचा व्हिडिओ कुणी बघितला?”

पहिल्या बाकावरची सोनल चाचरत म्हणाली, “सर, म्हशीपर्यंत सगळ्यांनी बघितलाय.”

“आणि त्याच्या पुढे?”

सगळ्यांनी वह्यांत माना घातल्या.

मग त्याने फळ्यावर मध्येच अरुंद होणारी नळी काढली. “अरुंद भागात दाब वाढतो की कमी होतो? हात वर करा.” जवळजवळ सगळ्यांनी वाढतो म्हणून हात वर केले. सुधीर खुर्चीत बसला. अकरा वर्षं तो हे शिकवत होता, आणि असा साधा प्रश्न त्याने कधी विचारलाच नव्हता.

“बरं,” तो म्हणाला, “शेजाऱ्याला पटवून द्या.”

वर्गात बाजार भरला. वेदांत नावाचा मुलगा बाकावर चढून दोन्ही हातांनी पाणी ढकलून दाखवू लागला. सोनल त्याला म्हणत होती, “अरे, पण मग पाण्याचा वेग वाढवतं कोण? मागचा दाब जास्त असल्याशिवाय ते पुढे पळेल कसं?” वेदांतचे हात हवेतच थबकले.

शेजारच्या वर्गातले सर दारात येऊन म्हणाले, “ढमाले, हा काय गोंधळ?”

असल्या शिकवण्याला कोणतं भारदस्त नाव आहे, ते सुधीरला कार्यशाळेतून चांगलं ठाऊक होतं. जिभेवर आलंही. पण त्याने ते गिळलं, “सॉरी सर” म्हणत दार लावून घेतलं आणि सोनल पुढे काय म्हणतेय ते ऐकायला बाकाशी जाऊन उभा राहिला.