अस्वलाचं कातडं

"जयाबाई, अस्वल पाडलंय. लवकर या, कुजायच्या आत."

राधाकृष्ण सरांनी खुर्चीतूनच हाक मारली, तेव्हा जया लॅबच्या दाराशी उभी राहून फाटकाकडे बघत होती. रविवारची दुपार, कॉलेज ओस पडलेलं. चार वाजता अण्णा येणार होते. रिटायर झाल्यापासून वर्षभर ते मागे लागले होते, एकदा तुझं हापिस बघायचंय म्हणून, आणि जया वर्षभर काही ना काही सांगून टाळत आली होती.

"आज नको सर. माझे वडील येतायत."

"मग त्यांनाही दाखवू की," सर म्हणाले.

नेमकं तेच तिला नको होतं.

नगरच्या त्या इंजिनिअरिंग कॉलेजात जया सात वर्षं लॅब असिस्टंट होती आणि सात वर्षं टेम्पररीच होती. सकाळी वीस मशीन चालू करायची, माऊसच्या पोटातली गोळी काढून पुसायची, पोरांच्या फ्लॉपीतले व्हायरस झाडायचे आणि संध्याकाळी वीस मशीन बंद करून त्यांवर कव्हरं घालायची. अठ्ठ्याण्णव साली टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट आलं आणि राधाकृष्ण सर बिघडले. चाळिशीचा, चष्मेवाला, फिजिक्स शिकवणारा सज्जन माणूस. पण दर रविवारी 'जरा संशोधन आहे' म्हणून लॅब उघडायला लावायचे आणि हातात तलवार घेऊन जंगलात शिरायचे.

खेळ तिकडे फिनलंडमधल्या कुठल्याशा कॉम्प्युटरवर होता. चित्रं नव्हती, काळ्या पडद्यावर इंग्रजी वाक्यं तेवढी यायची. पण जगभरची शेकडो माणसं एकाच वेळी त्या राज्यात हिंडत असायची. आत गेल्यावर पहिलाच प्रश्न यायचा, तू कोण होणार? खाली आकडे टाकलेली धंद्यांची यादी. सर अर्थातच योद्धा झाले आणि दर रविवारी दोनदा तरी मरू लागले.

नुसतं राखण करून कंटाळलेली जया एकदा दुसऱ्या मशीनवर बसली. तिने घाई केली नाही. आधी अख्खा बाजार फिरायचा आणि मग पिशवी उघडायची, हे अण्णांनी तिला भाजी घेताना शिकवलेलं होतं. दोन रविवार ती त्या राज्याचा बाजार फिरली. लोहार पैशाला पासरी होते, तलवारींना कुत्रं विचारत नव्हतं. जादूगार तर एकमेकांच्या पायात येत होते. पण लढाईला जाणाऱ्या प्रत्येकाला कातड्याचं चिलखत हवं होतं आणि बाजारात कातडंच नव्हतं. सरांसारखे वीर अस्वल मारायचे, पुढे जायचे, आणि ते अस्वल दहा मिनिटांत कुजून नाहीसं व्हायचं.

यादीत अगदी तळाला एक धंदा होता, सोलणारा. त्याच्याखाली बारीक अक्षरांत सूचना होती की याच्या अंगाला वास येतो, याला सरायीत प्रवेश नाही.

जयाने ती सूचना दोनदा वाचली. मग ती एकटीच हसली, आणि ते हसू काही फार गोड नव्हतं. सरायीत बसायला वेळ आहे कुणाला, असं स्वतःला सांगून तिने तोच आकडा दाबला. चार महिन्यांत तिचा एवढा जम बसला, की लांबलचक नावांचे सरदार सरायीबाहेर येऊन तिला 'कृपया' म्हणू लागले. वीस मशीन पुसून तिला आजवर कुणी कृपया म्हटलं नव्हतं.

घरी मात्र तिने यातलं अवाक्षर काढलं नव्हतं.

अण्णांचं नाव कारभारी. पाथर्डीकडचं एक छोटंसं गाव हे त्यांचं मूळ. पंधराव्या वर्षापर्यंत ते बापाबरोबर गावातली मेलेली ढोरं ओढायला जात होते. छप्पन्न साली धम्म घेतला आणि साऱ्या वस्तीने ठरवलं, आजपासून ढोर ओढायचं नाही. मग गावाने काम बंद केलं, दुकानाने उधार बंद केलं, गिरणीने दळण बंद केलं. चार महिने असे काढून त्यांचं घर नगरला आलं. पुढे अण्णा एसटीच्या डेपोत लागले आणि रिटायर होईपर्यंत टायर बदलत राहिले, त्यावर जयाला डिप्लोमापर्यंत शिकवलं. हे सगळं तिला आईकडून कळलेलं. अण्णा त्यावर कधी बोलत नसत. सात वर्षांची असताना जयाने एकदा मेलेलं मांजर काठीने उलटंपालटं करून बघितलं, तेव्हा त्यांनी तिला एक थोबाडीत मारली होती. आयुष्यात मारलेली तेवढी एकच. मारून स्वतःच रात्री जेवले नव्हते.

त्या माणसाच्या शिकल्यासवरल्या मुलीने, कोण होणार असं विचारल्यावर, नेमकं हेच निवडलं होतं. खेळ आहे, खोटा आहे, असं ती मनाशी घोकत होती, पण त्यांना कळलं तर काय वाटेल, हा विचार तिची पाठ सोडत नव्हता.

अण्णा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, सांगितल्यापेक्षा अर्धा तास आधीच आले.

"चपला हितं काढायच्या?"

"सगळ्यांनीच काढायच्या, अण्णा. प्रिन्सिपलसुद्धा काढतात."

"बरं हाय," असं म्हणून त्यांनी आपल्या चपला सरांच्या बुटांशेजारी सारख्या करून ठेवल्या.

तिने त्यांना मशीन दाखवली, प्रिंटर दाखवला. हात मागे बांधून ते एकेका मशीनपाशी थांबत होते. "ह्ये समदं तुज्या ताब्यात?" त्यांनी दोनदा विचारलं, आणि दोन्ही वेळा तिने व्हय म्हटलं. आता चहा पाजून यांना बाहेर काढावं, असं तिच्या मनात आलं तेवढ्यात सर आणखी एक अस्वल पाडून उठले.

"नमस्कार, या या. अहो, तुमची मुलगी काय चीज आहे ते तुम्हाला माहीतच नसेल. खेळात आम्ही लढून मरतो आणि या गब्बर होतात. आयत्या बिळावर नागोबा."

"ती काय करती?" अण्णांनी कौतुकाने विचारलं.

"आम्ही मारलेली जनावरं सोलतात. आणि गंमत म्हणजे वास येतो म्हणून यांना सरायीत..."

वाक्य अर्ध्यावर आल्यावर आपण कुणाशी काय बोलतोय ते सरांच्या ध्यानात आलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मी चहा सांगून येतो," असं पुटपुटून ते बाहेर पडले. त्यांचा योद्धा जंगलात अस्वलाशेजारी तसाच उभा राहिला.

अण्णांनी जयाकडे बघितलं. मग खुर्ची ओढून ते तिच्या मशीनसमोर बसले.

"दाव."

तिने खेळ उघडला, जंगलात सरांच्या अस्वलापाशी गेली आणि ते थोड्या वेळात कुजतं हेही सांगितलं. वाक्यं वाचून मराठीत सांगितली.

"आधी विचारतात, कोण होणार म्हणून."

"समद्यांनाच इचारत्यात?"

"व्हय. सगळ्यांना."

"आन मागनं सोडायचं म्हनलं तर?"

"सोडता येतं. एक ओळ टाईप करायची. दुसऱ्या दिवशी दुसरं काही व्हायचं."

"एक वळ," अण्णा म्हणाले.

"रागावलात का, अण्णा?"

"बारा वर्साचा हुतो, तवा पयलं ढोर सोललं म्या," ते म्हणाले. "हात चांगला हुता माजा. कातड्याला चीर पडू देत नव्हतो. ह्ये तुज्या आईलाबी ठावं न्हाई."

जया दुसरी खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसली.

"काम वंगाळ म्हनून न्हाई सोडलं आमी. न्हाई म्हनायची सोय नव्हती, म्हनून सोडलं. हाळी आली की ताटावरनं उठून जायाचं. सोलायचं आमी आन कातडं गाववाल्यांचं. तिसगावच्या बाजारात त्ये काय भावानं गेलं, आमाला कदी कळलं न्हाई."

"मांजरापायी मारलं होतं तुम्ही मला."

"व्हय. भ्या वाटलं. म्हनलं, हिचाबी हात बसतो का काय."

जी ओळ ती एका बोटाने टाईप करू शकत होती, ती या माणसाने पंधराव्या वर्षी चार महिने अर्धपोटी राहून मिळवलेली होती. तिच्या वाट्याला निवड आली ती तिथून आली, आणि त्याबद्दल आपण यांना कधी काही बोललोच नाही, असं तिला वाटलं. "तुमच्यामुळे मी इथं आहे, अण्णा," ती म्हणाली.

"आगं, त्ये अस्वल कुजंल," अण्णा म्हणाले.

तिने घाईघाईने एक शब्द टाईप केला. कातडं निघाल्याचं वाक्य आलं.

"झालं?"

"झालं. एवढंच असतं."

"मंग तू कसली सोलनारी," अण्णा म्हणाले आणि पहिल्यांदा हसले.

तेवढ्यात पडद्यावर निरोप आला. ग्रिमवाल्ड नावाच्या सरदाराला ते कातडं हवं होतं.

"काय म्हनतो?"

"चाळीस मोहरा देतो म्हणतो. एरवी कुजूनच जाणार होतं, म्हणतो."

"भाव काय चाललाय?"

"साठ."

"भाव कोन ठरवतं?"

"मीच."

अण्णांनी मान हलवली. "न्हाई म्हनलं तर काय करंल त्यो?"

"काय करणार? निघून जाईल."

"तुला काय करनार न्हाई?"

"काही नाही, अण्णा."

अण्णांनी पडद्यावरच्या त्या निरोपावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "मंग न्हाई म्हन."

जयाने कीबोर्ड त्यांच्यापुढे सरकवला. "तुम्हीच म्हणा."

डेपोत टायरवरचे नंबर वाचून वाचून अण्णांना इंग्रजी अक्षरं येत होती. ती कीबोर्डावर सापडायला मात्र वेळ लागला. त्यांनी आधी एन दाबला, मग ओ दाबला, आणि आता काय म्हणून तिच्याकडे बघितलं. तिने एंटर दाखवलं. तेही त्यांनीच दाबलं.

थोड्या वेळाने उत्तर आलं.

"काय म्हनतो?"

"ठीक आहे, म्हणतो. नमस्कार करून गेला."

"गेला?"

"गेला."

कातडं तसंच राहिलं होतं. अण्णांनी शर्ट नीट केला आणि खुर्ची आणखी पुढे ओढून घेतली.

"आजून कोनी येईल का?" त्यांनी विचारलं.