मंजुळाबाईंचं पांढरं काळीज

मी एक जुनी सोनोग्राफी मशीन आहे, मित्रांनो. छत्रपती संभाजीनगरातल्या एका दवाखान्यात, जिन्याखाली, चादर पांघरून बसले आहे. जन्मजात खोड एकच, लोकांच्या पोटात डोकावायची.

चौदा वर्षं मी पोटं पाहिली. निरोगी यकृत, खेड्यातले लोक ज्याला काळीज म्हणतात, मला शेजारच्या मूत्रपिंडासारखंच करडं दिसतं. चरबी साचली की ते पांढरं होतं. दुखत नाही, खुपत नाही, म्हणून माणसाला पत्ताच नसतो.

एकदा फुलंब्रीकडच्या मंजुळाबाई आल्या. त्यांचा धाकटा भाऊ सूर्यभान बजाजनगरात कामगार होता आणि त्याचं यकृत निकामी झालं होतं. आपल्यातला तुकडा त्याला द्यायचं त्यांनी ठरवलं होतं. पण चरबीनं भरलेला तुकडा नीट चालत नाही, आणि उरलेला देणाऱ्यालाही पुरत नाही. मी पाहिलं तर पांढरं फटक! मी चक्रावलेच. रानोमाळ शेळ्या वळणाऱ्या बाईच्या पोटात एवढी चरबी आली कुठून?

डॉक्टरीणबाईंनी खाण्यापिण्याचं विचारलं तेव्हा उलगडा झाला. काळीज द्यायचं ठरल्यापासून घरच्यांनी मंजुळाबाईंच्या हातची काठीच काढून घेतली होती. चार महिने नुसतं बसणं, आणि रोज तुपातला शिरा, डिंकाचे लाडू. द्यायचं ते दणकट असावं म्हणून! करायला गेले एक अन् झालं भलतंच.

"मग आता भावाला देता येनार नाय?" मंजुळाबाईंनी विचारलं.

"येईल, मावशी. लाडू बंद करा अन् शेळ्यांमागं जा. पण दोनच महिने आहेत. त्यापुढं तो तग धरणार नाही."

ते दोन महिने मला फार लांब गेले. दार वाजलं की वाटायचं, त्याच आल्या. शेवटी आल्या त्या उन्हानं रापून, टाचांना भेगा पाडून. मी घाबरतच पाहिलं. यकृत आणि मूत्रपिंड, दोन्हींचा रंग एकच! बाकीच्या तपासण्यांनीही तेच सांगितलं, आणि ऑपरेशन झालं.

वर्षानं सूर्यभान माझ्यासमोर झोपला. त्याच्या पोटातला तो तुकडा वाढून चांगला मोठा झाला होता. निघताना नर्सबाईंनी कुणाच्या तरी वाढदिवसाचा पेढा पुढं केला. त्यानं हात जोडले.

"नको, सिस्टर. आक्काचं हाय, जपावं लागतं."

मित्रांनो, आता नवी मशीन आली आहे आणि माझ्यावरची धूळ कुणी झटकत नाही. त्याचं फारसं काही वाटत नाही. पण तुमचं काळीज तुमचंच आहे, कुण्या आक्कानं दिलेलं नाही, म्हणूनच त्याच्याकडं तुमचं लक्ष जात नाही. जरा तिकडं लक्ष जाऊ द्या.