झोपवलेला काटा

अक्कलकुव्यात गाडीच्या वायरिंगची गोष्ट निघाली की लोक माझ्याकडे बोट दाखवतात. नवल वायरमन. दुकानाला पाटी नाही आणि मी लावणारही नाही. ज्याला माझं दुकान सापडत नाही, त्याला स्वतःच्या गाडीतला बिघाड काय सापडणार? तोंडाचा मी फटकळ, पण हाताचा साफ. निदान गेल्या माघापर्यंत मला तसं वाटत होतं.

आमच्याकडे एक काम चालतं, ते कुठल्याही पुस्तकात नाही. त्याला आम्ही काटा झोपवणं म्हणतो. धडगावच्या घाटात भरलेली टर्बो पिकअप चढवली की इंजिन तापतं आणि डॅशबोर्डवरचा काटा लाल खुणेकडे सरकतो. ड्रायव्हरशेजारी दाटीवाटीनं बसलेल्यांची नजर तिथेच खिळलेली. काटा हलला की त्यांचा जीव खालीवर होतो, आणि मग एकेक जण उतरून मागच्या गाडीत बसतो. म्हणून ड्रायव्हर येऊन सांगतात, "नवल, काटा झोपाडी दे." मी मीटरच्या मागे, सेन्सरच्या वायरीवर, करंट अडवणारा, ज्वारीच्या दाण्याएवढा रेझिस्टन्स डकवून देतो. त्यानंतर इंजिन गार असो की पेटायला आलेलं, काटा आपला बरोबर मध्ये उभा. ड्रायव्हरला माहीत असतं की तो खोटा आहे. तो वासावरून, आवाजावरून गाडी ओळखतो. सगळं नाटक पॅसेंजरसाठी.

उदेसिंग पावराला मात्र ते माहीत नव्हतं.

उदेसिंग माझा मित्र. धडगावच्या वरच्या पाड्यातला, दारूच्या थेंबाला न शिवणारा, आणि घाटातला सगळ्यात भित्रा ड्रायव्हर. काटा मध्यावरून जरा पुढे गेला की हा गाडी कडेला घ्यायचा, चाकाला दगड लावायचा, बॉनेट उघडायचा आणि काटा खाली येईपर्यंत हात बांधून उभा राहायचा. लोक म्हणायचे, उदेसिंगच्या गाडीत बसायचं तर भाकरी बांधून घ्या. पॅसेंजर तुटायला लागले. मला त्याचा राग यायचा आणि दयाही यायची. गेल्या माघात तो हॉर्न दुरुस्त करायला आला आणि चहा प्यायला समोर गेला. तेवढ्यात मी त्याचा काटा झोपवून टाकला. न विचारता. त्याच्या भल्यासाठी.

आठ दिवसांनी तो हसत आला. हातात घरच्या आमचुराची पिशवी.

"नवल, तुन्हा हातले गुण शे भो," तो म्हणाला. "हॉर्न करा तू, पन तवयपाईन गाडी तापसच नही."

तेव्हा सांगायला हवं होतं. दोन शब्दांचं काम होतं. पण तो इतका खूश होता, आणि मला माझी हुशारी इतकी आवडली होती, की मी पिशवी घेतली आणि गप्प बसलो.

पुढच्याच आठवड्यात घाटात त्याच्या गाडीचा पाण्याचा पाइप फुटला. पाणी गेलं, काटा मध्येच. इंजिन जाम होऊन चढणीच्या वळणावर बंद पडलं, आणि बंद इंजिनावर ब्रेक नीट धरत नाही. गाडी मागे घरंगळायला लागली. उदेसिंगनं ओरडून सगळ्यांना उड्या मारायला लावलं. सगळे वाचले. तो गाडीबरोबर खाली गेला. खाली सागाच्या झाडांत गाडी अडकली, पण तो गेला.

आणि मग लोक बोलायला लागले. प्यायलेला असेल. काटा लाल खुणेवर गेला तरी बघितला नसेल. धडगावच्या स्टँडवर हे सगळ्यात मोठ्या आवाजात बोलणारा म्हणजे उमाकांत ड्रायव्हर, त्याचा स्वतःचा काटाही मीच झोपवलेला. मी ऐकून घेत राहिलो. वर्षभर.

परवा सकाळी तीच पिकअप माझ्या दारात उभी राहिली. पत्रा ठोकून सरळ केलेला, इंजिन नवं बांधलेलं. स्टिअरिंगवर एक पोरगी. उदेसिंगची ममता. मी तिला शाळेच्या दप्तरासह पाहिलं होतं.

"तू गाडी चालावस?" मी विचारलं.

"लायसन शे काका." तिनं सीटवर ठेवलेलं खोकं उचलून माझ्या हातात दिलं. "हाई लावनं शे."

खोक्यात सुरतेहून मागवलेले तीन गोल मीटर होते. एक इंजिनच्या तापाचा, एक टर्बोच्या हवेचा, एक ऑइलच्या दाबाचा. मोठे, काळे, पांढऱ्या आकड्यांचे.

"इतला मोठा मीटर कसाले?" मी म्हणालो. "गाडी चालावशी का इमान उडावशी?"

ती हसली नाही. "लोके म्हनतस, मन्हा बापनी काटा देखा नही. मन्हा बाप तर रस्ता कमी अन् काटाच जास्त देखे. माले समजसच नही काका. म्हनीसन असा मीटर लाव, का गाडीमा बठेल हर मानूसले दिसाले पाहिजे."

मी पाना उचलला.

काम चांगलं केलं, हे मी सांगतो. जुन्या सेन्सरला हात लावला नाही. पाण्याच्या पाइपला नवा जोड टाकला, त्यात नवा सेन्सर बसवला. टर्बोच्या नळीला फाटा काढला. वायरी इंजिनमागच्या पत्र्याच्या भोकातून आत घेतल्या आणि तिन्ही मीटर काचेच्या बाजूच्या खांबावर एकाखाली एक बसवले. मग जुन्या मीटरच्या मागे हात घातला. ज्वारीचा तो दाणा अजून तिथेच होता. वर्षभर, दरीत पडूनसुद्धा. मी तो कापला आणि ममताला दिसू न देता खिशात टाकला.

बॅटरी जोडली. चावी अजून लावलेली नव्हती, इंजिन पहाटेसारखं गार. हवेचा काटा खाली. ऑइलचा काटा खाली. तापाचा काटा उठला आणि बरोबर मध्ये येऊन उभा राहिला.

मी वायर काढली. काटा मध्येच. सेन्सर काढून चहावाल्याच्या उकळत्या पाण्यात बुडवला, बाहेर तपासला, तो चोख होता. मीटर खोलून पुन्हा बसवला. शेवटी मीटरच गाडीपासून वेगळा करून हातात धरला, एकही वायर नाही, आणि काटा मध्येच. बावीस वर्षांच्या धंद्यात मी कुठल्या गाडीला घाबरलो नव्हतो. त्या मीटरला घाबरलो. मागे उदेसिंग चहा पिऊन आला आहे आणि माझ्या खांद्यावरून बघतो आहे, असं इतकं खरं वाटलं की मी वळून पाहिलं. मग घाईघाईनं सेन्सर आणि मीटर पुन्हा जागेवर बसवले.

"बराबर शे का?" ममतानं विचारलं.

"बराबर," मी म्हणालो. हे माझ्याच तोंडून निघालं. वर्षापूर्वी निघालं होतं तसंच, सहज.

"चल मंग. घाट चढीसन देखूत. तू बी ये, धडगाव लगून."

मी तिच्या शेजारी बसलो.

गाडी ती चांगली चालवते. वळणावर हॉर्न, उतारावर गिअर, सगळं बापासारखं. मी मात्र रस्ता पाहतच नव्हतो. तीन काट्यांपैकी दोन नाचत होते, आणि तिसरा मेलेल्या माणसाच्या डोळ्यासारखा थिजलेला. चढ वाढला. इंजिनाचा आवाज जड झाला.

"बाबा शेवटला आठवडामा लई खूश व्हता," ममता अचानक म्हणाली. "रोज घर ईसन आईले सांगे, नवलनी असा हात लावा का गाडी तापसच नही. आई म्हने, त्याले जेवाले बलाव." तिनं मीटरकडे पाहिलं. "आते बी देख, काटा हालस नही."

त्याच क्षणी मला वास आला. गरम पाण्याचा, गोडसर, कूलंटचा. पुढे ते वळण होतं. वळणावर उदेसिंगच्या नावाचा दगड उभा केलेला आहे, आणि तिथे ड्रायव्हर पाण्याच्या भरलेल्या बाटल्या ठेवून जातात, ज्याची गाडी तापेल त्याच्यासाठी.

"थांब," मी म्हणालो.

"काब्र? काटा मधमा शे."

"थांब ममता! त्या काटावर इस्वास नको ठेवू! तुन्हा बापनी ठेवा!"

तिनं गाडी कडेला घेतली. मी उडी मारून चाकाला दगड लावला, फडकं धरून बॉनेट उचललं. माझ्याच जोडाची क्लिप सैल होती आणि तिथून पाणी वाफेसह ठिबकत होतं. घाबरलेल्या हातांनी घट्ट केलेली क्लिप. आणखी दोन वळणं गेलो असतो तर इंजिन जाम झालं असतं.

मग मी खिशातला दाणा काढून तिच्या हातावर ठेवला आणि सगळं सांगितलं. हॉर्न, चहा, आमचूर, सगळं. तो प्यायलेला नव्हता. काटा बघत होता, शेवटच्या क्षणापर्यंत बघत असणार. काटाच खोटा होता आणि तो मी केला होता. मी रडलो, हे सांगायला मला लाज नाही.

ममता खाली उतरली. दगडाकडे बघत बसली. इंजिन गार झाल्यावर मी क्लिप आवळली, आणि तिनं बापाच्या दगडापाशी ठेवलेल्या बाटल्यांतलं पाणी स्वतः रेडिएटरमध्ये ओतलं. मग येऊन चावी फिरवली. तापाचा काटा धाडकन खाली पडला. थोडा वेळ तिथेच राहिला आणि मग हळूहळू, जसा चढायला हवा तसा, चढायला लागला.

"बठ," ती म्हणाली.

धडगावचं स्टँड बाजाराच्या गर्दीनं भरलं होतं. गाडी पाहून ड्रायव्हर जमा झाले, मीटरला बोटं लावायला लागले. उमाकांत पुढे होता. "काय नवल, पोरगी तरी काटा देखस ना?" तो म्हणाला, आणि दोघं-तिघं हसले.

ममतानं माझ्या बाजूचं दार उघडलं. "आते आठे सांग."

मी उतरलो आणि सांगितलं. सांगताना नजर कुठे ठेवायची ते कळेना, म्हणून मी त्या मीटरकडेच बघत राहिलो. माझं संपलं तेव्हा कुणी हसत नव्हतं. उमाकांत स्वतःच्या गाडीकडे बघत होता.

ममता स्टिअरिंगवरच बसलेली होती. तो दाणा तिनं मुठीत धरला होता.

"आखो सांग काका," ती म्हणाली. "मांगे उभा शेतस त्यास्ले ऐकू उनं नही."

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.