दांड्यापलीकडचं पाणी

वाळत घातलेल्या कागदांवर पुन्हा गुलाबी झाक आली, तेव्हा थोरली लगद्याचे हात तसेच घेऊन टेकडी चढली. हातकागदाचं तिचं काम ओढ्याच्या पाण्यावर चाले, आणि ओढा निघे टेकडीच्या अलीकडच्या झऱ्यातून. पलीकडच्या उतारावर धाकट्या जावेचं सूत रंगवण्याचं काम होतं. संशयाला आणखी काय लागतं?

"ताई, उगाच माझ्यावर घेऊ नका," धाकटी म्हणाली. तिचे हात कोपरापर्यंत लाल होते. "माझं सांडपाणी चरातून इकडच्या नदीला जातं. मधे टेकडीचा एवढा उंच दांडा आहे. पाणी काय चढ चढून येतं तुमच्याकडे?"

"पाणी नाही चढत. बादली घेऊन माणसं चढतात."

"मग चला, डोळ्यांनीच बघा."

दोघी चराच्या कडेने उतरू लागल्या. कोणीच दुसरीला मागे राहू देईना. एका कातळापाशी चर एकदम कोरडा झाला. पुढे तर त्यात गवत माजलं होतं.

"इथवर मी कधी आलेच नव्हते," धाकटी पुटपुटली. थोरलीचा विश्वास बसला नाही. तिने वाकून कान लावला. कातळाखालच्या भोकात पाणी खळखळत होतं.

त्यांनी वरून घागरभर दाट लाल रंग आणून तिथे ओतला आणि दोघी दांडा ओलांडून झऱ्यावर आल्या. पाणी नितळ होतं.

"हात दाखवा, ताई. मुठीत काही नाही ना?"

थोरलीने तळवे पसरले. "तू तर लांबच बस. तुझे हात बघून काय कळणार?"

सावली सरकत गेली. दोघींचे पाय अवघडले. आणि मग झरा हळूहळू लाल झाला.

"मी खोटं बोलत नव्हते हो," धाकटी रडवेली झाली.

"नव्हतीस," थोरलीला मान्य करावं लागलं. या टेकडीच्याच ओठात एक आणि पोटात एक होतं. "पण तो चर खणला कोणी?"

"यांनी."

दोघी रंगकामाच्या जागी परतल्या तेव्हा दीर सुताची लड पिळत होता. "भोक ना? दिसलं होतं की, वहिनी. म्हटलं, पाणी आपोआप जिरतंय तर पुढे कशाला खणा? जमिनीत गेलं म्हणजे गेलं."

"आणि माझे कागद गुलाबी झाले तेव्हा, भाऊजी?"

पिळून झालेली लड तो पुन्हा पिळू लागला. "वाटलं... तुम्हीच काही नवीन करताय."

"ताई," धाकटी नवऱ्यावरची नजर न हलवता म्हणाली, "मला नाही हे खरं वाटत."

लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदाच दोघींचं एकमत झालं. भोक दगड-मातीने बुजवताना आणि रंगाच्या पाण्यासाठी पक्की टाकी बांधताना दोघी त्याच्या डोक्यावर उभ्या होत्या. काही दिवसांनी झरा निवळला, कागदही पांढरे निघाले.

तरी अधूनमधून धाकटी दांडा ओलांडून झऱ्यावर येते.

"आता काय बघतेस?" थोरली विचारते.

"ते म्हणतात, भोक पक्कं बुजलंय," ती पाण्यात वाकून म्हणते. "म्हणून आले."