जाईबाईच्या तोंडाला वास नव्हता

जाईबाई वरळी कोळीवाड्यातली. दादरच्या मासळी बाजारात तिचा ओटा होता. सासूच्या मागे तो तिच्याकडे आला आणि तिने तो नावारूपाला आणला. हिंदू कॉलनीतल्या लतिकाबाई तिच्याशिवाय दुसऱ्या कुणाकडे पापलेट घेत नसत. दोघी भावावरून कडाकडा भांडत, मग हसत.

दुखणं सुरू झालं ते एका उन्हाळ्यात. दुपारी घरी परतताना डावा पाय रस्त्याला घासत येऊ लागला. उचलायचा म्हटलं तरी उचलेना. कधी उजव्या डोळ्यापुढे वाफ धरल्यासारखं होई आणि समोरच्या गिऱ्हाइकाचा चेहरा पुसून जाई. संध्याकाळी खाडीवरून वारा सुटला की पाय ताळ्यावर येई, डोळा स्वच्छ होई. नवरा रामदास होडीवरून येई तेव्हा ती धडधाकट चालताना दिसे. मग सांगायचं काय आणि कुणाला?

पुढे तिची पाळी चुकायला लागली, आणि जाळ उठू लागला. छातीतून निघायचा, गळ्यावरून कानशिलात शिरायचा. चोळी घामाने भिजायची. शेजारच्या ओट्यावरची चंपा म्हणाली, "सगळ्यांना व्हतं गो. माझी आय थंडीतपण दार उघडं टाकून निजायची. घाम येतो नि जातो."

"घाम जातो गो. पण त्याच्यासंगती माझे पायपण जातात, त्याचं काय?"

 चंपाच्या आईचे पाय कधी गेले नव्हते.

जाईबाईने आपल्यापुरता एक उपाय काढला. जाळ उठला की ती मासळीखालच्या बर्फात कोपरापर्यंत हात खुपसून बसे, ओला फडका मानेवर टाके. थोड्या वेळाने पायांत जीव येई. लतिकाबाईंनी एकदा नाक मुरडलं, "हे काय गं, हात घालून बसतेस मासळीत?" जाईबाईने हात बाहेर काढले. लतिकाबाई गेल्यावर पुन्हा घातले.

छप्पन सालच्या मे महिन्यात लालबागहून बायकांचा मोर्चा निघायचा ठरला. मुंबईसह महाराष्ट्रासाठी सत्याग्रह, जमावबंदी मोडायची. पोलिसांच्या गोळीबारात कोळीवाड्याच्या ओळखीतला एक पोरगा गेला होता, त्यामुळे कुणी बोलवायची वाट पाहिली नाही. बाजार बंद ठेवून सगळ्या निघाल्या. जाईबाई, चंपा, जाईबाईची सून बकुळा. लतिकाबाई पुढे होत्या, हातात झेंडा, दंडाला पट्टी.

ऊन डोक्यावर आलं होतं. चिंचपोकळीपर्यंत जाईबाईने सगळ्यांपेक्षा मोठ्या आवाजात घोषणा दिल्या. मग आतून जाळ उठला. बाहेर ऊन, आत जाळ. बर्फ कुठेच नव्हता. तिची जीभ जड झाली, घोषणेतला शब्द तोंडातच फाटला. पाय एकात एक अडकले आणि ती पुढच्या बाईच्या अंगावर कोसळली. उठायला गेली तर पुन्हा झोकांडी.

"बर्फ... कुणीतरी बर्फ..." ती म्हणाली, पण शब्द चिकटून बाहेर आले.

गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "प्यालीय वाटतं!"

लतिकाबाई वळून आल्या. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी होती, बातमीदार होते. त्यांनी जाईबाईकडे पाहिलं आणि स्वयंसेविकांना म्हणाल्या, "हिला बाजूला घ्या. आजच्या दिवशीसुद्धा राहवलं नाही हिला. पेपरात आलं तर सगळ्या लढ्याचं नाव जाईल."

दोघींनी तिला काखेत धरून फुटपाथवर बसवलं. बकुळाने मागे पाहिलं, क्षणभर थांबली, आणि रेटा आला तशी पुढे गेली. मोर्चा अडवून पोलिसांनी बायकांना गाड्यांत भरलं. त्या घोषणा देत चढल्या. जाईबाईला वेगळ्या गाडीत घातलं. त्या बायका सत्याग्रही, ही तेव्हाच्या दारूबंदीची गुन्हेगार.

चौकीत एका म्हाताऱ्या हवालदाराने तिच्या तोंडाजवळ नाक नेलं आणि म्हणाला, "साहेब, वास येत नाही."

"कोळीण आहे ती," साहेब म्हणाला. "मासळीच्या वासात दारूचा वास काय येणार तुला?"

सगळे हसले. हवालदारही हसला.

दुसऱ्या दिवशी दंड भरून रामदासने तिला सोडवून आणलं.  घरी आल्यावर तो हळूच म्हणाला, "पाय दुखतात म्हणून घेतली असशील थोडी. मी काय रागावनार हाय?"

त्याने मारलं असतं तर ती मोठ्याने रडली असती. त्याने माफ केलं होतं. न केलेल्या गोष्टीची माफी कशी परत करायची, ते तिला कळेना. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

बकुळा आणि बाकीच्या आठवड्याने तुरुंगातून सुटल्या. कोळीवाड्याच्या तोंडाशी बँड लावून त्यांना हार घातले. सून हार गळ्यात घेऊन सासूच्या पाया पडली, पण नजर वर केली नाही.

चंपा मात्र तिला परळच्या एका मोठ्या इस्पितळात घेऊन गेली. बायकांच्या विभागातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पाळी जाताना अंग तापतंच. पायांचं आमच्याकडे नाही." पायांचं बघणारे डॉक्टर विलायतेत शिकून आलेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मग तिला ऊन पाण्याच्या टबात बसायला लावलं. भोवती शिकाऊ डॉक्टर उभे. पाणी तापत गेलं तशी तिची दृष्टी अंधुक झाली, पाय लाकूड झाले. "हात वर करा" म्हटलं तर हात येईना.

"पाहिलंत?" डॉक्टर खूश होऊन पोरांना म्हणाले. "आपल्याकडे ही केस क्वचित मिळते."

टबाबाहेर काढून पुसल्यावर त्यांनी तिला आजाराचं लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं. मेंदूतून निघणाऱ्या मज्जातंतूंचं वेष्टण खराब होतं, अंग तापलं की निरोप पायांपर्यंत पोचत नाही.

"म्हंजे मी प्याली नव्हती," जाईबाई म्हणाली.

"प्यायचा काय संबंध?"

"औषध?"

"अजून निघालेलं नाही. उन्हात जाऊ नका."

"बाहेरच्या उन्हात नाय जात. आतला जाळ?"

डॉक्टरांनी पुन्हा बायकांच्या विभागाकडे बोट दाखवलं.

पुढच्या तीन-चार वर्षांत पाय हळूहळू गेले ते थंडीतही परत येईनासे झाले. ओट्यावर बकुळा बसू लागली. लतिकाबाई तिच्याकडून पापलेट घेऊ लागल्या.

महाराष्ट्र राज्य झालं त्या मे महिन्यात लतिकाबाईंनी आपल्या घरी सत्याग्रही बायकांना चोळी-नारळ द्यायचं ठरवलं. बकुळाला बोलावणं आलं. जाईबाई म्हणाली, "मी पन येते." बकुळा म्हणाली, "आये, जिना हाय तिथं." तरी ती गेली. चंपाने एका बाजूने धरलं, बकुळाने दुसऱ्या.

दिवाणखाना भरला होता. लतिकाबाईंनी तिला पाहिलं आणि क्षणभर त्यांचा हात तबकावरच राहिला. मग त्या लगबगीने पुढे आल्या. "अगं जाईबाई! ये, बस. किती वाळलीस."

"बाई, त्या दिशी मी प्याली नव्हती," जाईबाई उभ्या उभ्याच म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण बायकांच्या माना वळल्या. "आजार हाय मला. इस्पितळात नाव सांगितलंय. चंपा होती."

लतिकाबाईंचा चेहरा लाल झाला. "अगं, ते कशाला आता? चार वर्षं झाली. आज आनंदाचा दिवस. राज्य मिळालं ना आपल्याला?"

"मिळालं. म्हनून तर आली. चार बायकांत तुम्ही बोलला होता, चार बायकांतच सांगा."

कुणी पंखा मोठा केला. लतिकाबाईंनी तबकातला एक नारळ उचलला, त्यावर चोळीचा खण ठेवला आणि तिच्यापुढे धरला. "हे घे बघू. मनात काही ठेवू नकोस."

जाईबाईने हात पुढे केला नाही. तिने बकुळाकडे पाहिलं. सून बोलेल असं तिला वाटलं होतं. बकुळाच्या ओटीत नारळ आधीच पडला होता, आणि रोज सकाळी या बाईंना मासळी विकायची होती. तिने पदर सारखा केला आणि खाली पाहिलं.

"चल गो चंपा," जाईबाई म्हणाली.

जिन्यावर तिला बसून बसून, एकेक पायरी सरकत उतरावं लागलं. वरून आरतीसारखा टाळ्यांचा आवाज येत होता. चंपा शिव्या देत होती, लतिकाबाईंना, बकुळाला, देवाला.  जाईबाईचं सगळं लक्ष पुढच्या पायरीवर होतं.