पंचवटीतल्या गच्चीवरचा काळा गोटा

मी एक जुना गोटा आहे. गोदावरीच्या पात्रात घासून घासून गुळगुळीत झालो आणि एका हिवाळ्यात मालिनीताईंच्या पिशवीतून पंचवटीत आलो. भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर, आणि वर गच्चीत कुंड्यांची बाग. मित्रांनो, असल्या बागेतला ढालकिडा तुम्ही पाहिला असेल. लाल पाठ, काळे ठिपके, अंग वाटाण्याच्या डाळीएवढं. बोटावर घेतला की टोकापर्यंत चढतो आणि तिथूनच उडतो. ज्या दिशेला उडेल तिकडून पाहुणे येणार, असं आमच्या गल्लीतली मुलं म्हणतात.

मालिनीताई शाळेच्या प्रदर्शनासाठी गोटे रंगवत. माझ्या सोबतच्या तीस गोट्यांना लाल पाठ आणि काळे ठिपके मिळाले. मला मात्र त्यांनी काळा रंग दिला, अंगभर काटे काढले, कडांना नारिंगी डाग दिले. शेजारच्या सिंधुबाई बघायला आल्या.

"मालिनी, एवढ्या देखण्या गोट्यांत ही मगर कुठली?"

"मगर नाही, बाळ आहे ते."

"मग आईवर काही गेलेलं दिसत नाही."

मालिनीताई हसल्या आणि माझ्या पोटावर पांढऱ्या रंगानं दोन ओळी लिहिल्या.

प्रदर्शनात लाल गोटे तासाभरात संपले. मला मुलं उचलत, नाक मुरडत आणि ठेवून देत. मी तसाच घरी परत आलो. काही वर्षं टेबलावर कागद दाबून ठेवले, मग गच्चीवरच्या नळाखाली गेलो. अंगावर शेवाळ चढलं. रंगाची आठवण फक्त मला उरली.

गेल्या भाद्रपदात मालिनीताई गेल्या. त्यानंतर त्यांची मुलगी यशश्री रोज सकाळी ऑफिसला जाण्याआधी वर येऊ लागली. ती फार बोलत नसे. सगळ्या झाडांना पाणी घाली आणि शेवंतीच्या तीन कुंड्यांपाशी थोडी जास्त थांबे. ती शेवंती मालिनीताईंनी सटाण्याहून, माहेरून आणलेली. दरवर्षी त्या तिचे फुटवे वेगळे करून नव्यानं लावत. आता माहेरीही ती उरली नव्हती. या तीन कुंड्या गेल्या की ती शेवंती संपली.

आणि दिवाळीनंतर तिच्या शेंड्यांवर मावा पडला. रस शोषणारे काळे बारीक किडे, मोहरी चिकटवल्यासारखे. कळ्या माना टाकू लागल्या.

शनिवारी संध्याकाळी देवराम आला. तो मूळचा सुरगाण्याचा, आता इथल्या एका रोपवाटिकेत काम करणारा, मेहनती माणूस. त्याला पानांवर काळ्या, काटेरी अळ्या दिसल्या. "ताई, मावा कमी होता का काय, म्हणून ह्या पण आल्या. लय वंगाळ जात हाय." दोघांनी मिळून चाळीसेक अळ्या वेचल्या आणि साबणाच्या पाण्यात टाकल्या. उरलेल्यांसाठी रविवारी औषध फवारायचं ठरलं.

रविवारी पंप भरून तयार होता. तुळशीवर औषध उडू नये म्हणून यशश्रीनं तिच्यावर वर्तमानपत्र पांघरलं. ते वाऱ्यानं उडेल म्हणून दाबायला मला उचललं. तुळशीपाशी शेवाळ नको, म्हणून नळाखाली धरून घासलं. कितीतरी वर्षांनी माझा काळा रंग उन्हात आला. काटे आले. नारिंगी डाग आले.

तिचा हात थांबला. तिनं माझ्याकडे पाहिलं, पानावरच्या अळीकडे पाहिलं, मग मला उलटं केलं. पोटावर आईचं अक्षर होतं : 'ढालकिडा. वय आठ दिवस. रोजचं जेवण : मावा.'

"देवराम, पंप खाली ठेवा."

तो जवळ आला. त्यानं दोन्हींकडे नीट पाहिलं. "हीच की ही." मग आवाज खाली गेला. "ताई, आपण काल चाळीस मारल्या."

"हो."

"माव्याला खाणाऱ्याच मारल्या आपण."

"राहिलेल्या मोजा."

नऊ होत्या. देवरामनं औषध गच्चीच्या नळापाशी न ओतता पंप तसाच रोपवाटिकेत परत नेला. मित्रांनो, ते तीन आठवडे मी विसरणार नाही. त्या नऊ जणी शेंड्यापासून खाली उतरत, पुन्हा चढत आणि दिसेल तो मावा फस्त करत. चौथ्या दिवशी पहिला शेंडा मोकळा झाला. पंधराव्या दिवशी तिसरी कुंडी. यशश्री रोज मला कुंडीच्या काठावर ठेवून त्यांच्याशी ताडून पाही. सिंधुबाई एकदा वर आल्या, कुंडीवर वाकल्या आणि म्हणाल्या, "जेवतात मात्र बाई, सासरी आल्यासारख्या नाही हं, माहेरी आल्यासारख्या." यशश्री हसली. त्या घरात किती महिन्यांनी कुणी हसलं होतं.

जेव्हा शेवंती फुलली, तेव्हा पिवळीधमक फुलं तिन्ही कुंड्यांत मावेनात. आणि त्याच सकाळी, माझ्याच पाठीवर चिकटून कोशात झोपलेला, त्या नवांतलाच एक जीव बाहेर आला. फिकट पिवळा, ओला, एकही ठिपका नसलेला.

"ताई, याला ठिपके नायत," देवराम म्हणाला. "बिघडलं का काय?"

"बघू या थांबून."

दोघं तिथंच बसले. चहा वर आला, गार झाला. ऊन माझ्यावर सरकलं, आणि लालसर होत चाललेल्या त्या पिवळ्या पाठीवर एकेक करून काळे ठिपके उमटले.

मित्रांनो, मला कुणी नेलं नाही याचं आता काही वाटत नाही. तुमच्या बागेत एखादं कुरूप बाळ दिसलं, तर मारायचं औषध हातात घेण्याआधी ते काय खातं एवढं जरूर पाहा. मी एवढंच मागतो. माझ्या पाठीवरच्या बाळानं त्या दिवशी पंख वाळवले, माझ्या सर्वांत उंच काट्यावर चढलं आणि शेवंतीवरून गोदावरीच्या दिशेनं निघून गेलं.